डिग्रीचं कर्ज आणि व्हॉट्सअपवरचा हिशेब

सीईटीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: इंजिनिअरिंगला दहा लाखांचं कर्ज काढू नका, तेवढेच पैसे एफडीत ठेवा, पोराला आयटीआय करून उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लावा. देशातले ४२ टक्के पदवीधर बेकार आहेत आणि शेवटी बँक बापाच्या शेतावर टाच आणते. खाली जोडलेले हात, अर्थातच.

एफडीचं आधी बघू, तिथं हिशेबच उभा राहत नाही. घरात दहा लाख असते तर कर्ज कशाला काढलं असतं? शैक्षणिक कर्जाची फी बँक थेट कॉलेजच्या खात्यात भरते, रोकड हातात पडत नाही. पडली असती तरी कर्जाचं व्याज एफडीपेक्षा जास्तच असतं.

४२ टक्के हा आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात ती बेरोजगारी २५ वर्षांखालच्या पदवीधरांची आहे. पस्तिशी ओलांडलेल्यांत ती पाच टक्क्यांच्या आत येते. मग सगळं आलबेल आहे का? तसंही नाही. सुरुवातीची दोन-चार वर्षं खरंच कोरडी जातात. कर्नाटक सरकारलाही ते ठाऊक आहे, म्हणून तर युवा निधीतून बेकार पदवीधराला महिन्याला ३,००० रुपये देतात, तेही पास होऊन सहा महिने काम न मिळाल्यावर. आणि कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात कर्जाचा हप्ता सुरू होतो. अडचण आहे ती इथं.

आकड्यांत सांगतो. दर वर्षी एक लाख असं चार वर्षांत चार लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजानंच १ लाख ४० हजार चढतात. मग १५ वर्षांसाठी हप्ता बसतो साधारण ५,८००. तेच व्याज हप्ता सुरू होईपर्यंत भरत गेलात तर ४,३००. घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज किंवा कोर्स नॅक-एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांच्या मान्यतेचा असेल, तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. त्यासाठी नाडकचेरीतून, म्हणजे गावाजवळच्या महसूल कचेरीतून, उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, आणि तो वेळेत न काढल्यास सवलत हुकते.

शेताचं म्हणाल तर साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी योजना आहे, तारण लागत नाही. शाखेत जमिनीच्या उताऱ्याची मागणी झाली तर कशासाठी, ते लेखी मागा. मात्र हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. सहकर्जदार म्हणून बापाची सही असतेच; हप्ते थकले की त्याचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो आणि पुढं पीककर्जालाही अडतं.

उद्यमबागेचा मुद्दा मला निम्मा पटतो. फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये हात बसलेला टर्नर किंवा सीएनसी ऑपरेटर नव्या इंजिनिअरपेक्षा जास्त घरी नेतो, यात नवल नाही. पण आयटीआय हा डिग्रीचा शत्रू कुणी ठरवला? दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कमावत शिकणाऱ्याला कर्जही कमी लागतं.

मेसेजनं ज्याला हात लावायला हवा होता, तो मॅनेजमेंट कोटा, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या सीटा, मात्र सुटला. सीईटीतून मिळालेल्या सीटची फी आणि एजंटानं ‘करून दिलेल्या’ सीटची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दहा लाखांचं कर्ज बहुतेक वेळा त्या दुसऱ्या सीटसाठी निघतं, आणि तिथं मीही नकोच म्हणेन. त्याआधी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेकडं बघा. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तिथं वेगळी पात्रता आहे. अट म्हणजे फॉर्म मुदतीत भरायचा, आणि महाराष्ट्राच्या सीईटीलाही बसलेलं असायला हवं.