होसेफिना बाएसची कुचिपुडी

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि खरं सांगायचं तर घरातल्या तेलुगूतही निम्मी मराठीच. हैदराबादचे नातेवाईक आमचं तेलुगू ऐकून हसतात. पुण्यात हॉस्टेलवर मुली माझ्या मराठीच्या हेलाला हसायच्या. त्यात नऊ वर्षं कुचिपुडी, हे आंध्रचं शास्त्रीय नृत्य, शिकले. एवढं आधीच सांगते, कारण आज जिच्याबद्दल लिहायचंय ती बाई माझ्यापर्यंत याच वाटांनी आली.

होसेफिना बाएस. कवयित्री आणि रंगकर्मी. १९६० साली डोमिनिकन रिपब्लिकमधल्या ला रोमाना या ऊस आणि साखर कारखान्याच्या गावात जन्मली, बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आली. १९८६ मध्ये तिने ‘आय ओम्बे’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. थिएटरांसोबत लोकांच्या राहत्या घरांतही प्रयोग केले. १९९९ मध्ये तिचा ‘डोमिनिकनिश’ हा प्रयोग रंगमंचावर आला, पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं. बारा वर्षांची एक मुलगी परक्या शहरात इंग्रजी कशी शिकते, एवढंच त्याचं कथानक. ती मुलगी म्हणते, तोंड असं वाकडंतिकडं करून मी बोलणारच नाही! आणि मग शिकते ती इस्ली ब्रदर्स या अमेरिकन गायकमंडळींच्या रेकॉर्डी ऐकून. तिचे इंग्रजीचे मास्तर तेच, शाळेतले नव्हेत.

या प्रयोगाची चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रागच आला. पाय आणि हात कुचिपुडीचे, ओळखीचे, आणि तोंडातून स्पॅनिश-इंग्रजीची धार. मृदंग नाही, नट्टुवांगम (झांजांवरचा ताल आणि बोल) नाही, साथीला ट्रम्पेट! मुद्रांचा शब्दांशी काही संबंध लागेना. आमच्या बाईंनी असं एकही हस्तक खपवून घेतलं नसतं. मनात आलं, हिने आमचं नृत्य दागिन्यासारखं वरून घातलंय.

दुसऱ्यांदा पाहताना बाईंचंच एक वाक्य आठवलं. त्या म्हणायच्या, कुचिपुडी आधी नाटक आहे, नाच नंतर. इथे नर्तकी बोलते. भामाकलापम् या कुचिपुडीतल्या जुन्या नृत्यनाट्यात सत्यभामा येते ती ‘भामने, सत्यभामने’ म्हणत, म्हणजे मी कोण ते माझ्या तोंडून ऐका. होसेफिना नेमकं हेच करत होती. काळी, कॅरिबियन, गरिबीतून आलेली बाई स्वतःची ओळख स्वतः सांगत होती. शब्द सारखे भाषा बदलत होते, आणि पाय मात्र ताल सोडत नव्हते. तिची भाषा इतकी सैरावैरा धावू शकते ती या पायांच्या जोरावर. ही शिस्त तिने कमावलेली आहे. ती आपल्या कामाच्या पद्धतीला ‘परफॉर्मन्स ऑटोलॉजी’ म्हणते. त्यात रशियन दिग्दर्शक मायरहोल्डचं बायोमेकॅनिक्स, म्हणजे नटाच्या शरीराच्या तालमीचं तंत्र, आहे, योग आहे, ध्यान आहे, चहा पिण्याची संस्कृतीसुद्धा आहे. चहाचं वाचून मला फार बरं वाटलं.

आता कुणी लगेच ‘आपली कला सातासमुद्रापार’ असं लिहू नये, ही विनंती. तिला आपली जाहिरात करायची नव्हती. तिला तिची गोष्ट सांगायला एक अंग हवं होतं, ते तिने घाम गाळून मिळवलं.

भाषेची गोष्ट तिच्या देशात साधी नाहीच. १९३७ मध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या सैनिकांनी शेजारच्या हैतीच्या सीमेवर हजारो हैतीयन माणसं मारली. सांगतात की, माणसाला कोथिंबिरीसारख्या एका पाल्याचं नाव, ‘पेरेहिल’, म्हणायला लावायचे. ‘र’ चुकला की हा हैतीयन. एका अक्षराच्या उच्चारावर जीव. अशा मातीतून आलेल्या बाईने शुद्ध उच्चाराला मान न देणं मला नुसती गंमत वाटत नाही, मला तो धीर वाटतो.

न्यूयॉर्कला गेलेल्या डोमिनिकनांना मायदेशातले लोक ‘डोमिनिकनयॉर्क’ म्हणतात, हिणवून. होसेफिनाने तोच शब्द आपल्या २०११ च्या पुस्तकाच्या नावात घातला: ‘लेवेन्ते नो. योलायॉर्कडोमिनिकनयॉर्क’. त्यातली ‘योला’ म्हणजे लोक जीव मुठीत धरून समुद्र ओलांडतात ती छोटी होडी. पुस्तकातली माणसं ‘एल निए’ नावाच्या जागेत राहतात. निए म्हणजे धड हेही नाही, धड तेही नाही. बोलीत तो शरीराच्या एका अवघड जागेचाही शब्द आहे, चारचौघांत न उच्चारण्यासारखा. तिने तिथेच अख्खी इमारत उभी केली, त्यात शेजारणी राहायला आणल्या, त्यांची भांडणं, प्रेमं, भाडी, सगळं आणलं. मधल्या जागेत माणूस लटकत राहतो असं आपण धरून चालतो. तिच्या बायका तिथे संसार करतात.

मला ‘खिचडी भाषा’ हा शब्द आता सहन होत नाही. पद्मशाली या तेलुगू विणकरांच्या घरांत मागावर, विडीच्या सुपापुढे बसून जी भाषा तयार झाली, ती कुणाच्या आळसातून झालेली नाही. माझ्या आजीला दोन्ही भाषांत हिशेब करता यायचा, भांडता यायचं, रडता यायचं. तिला कुणी कवयित्री म्हटलं नाही.

‘डोमिनिकनिश’ होसेफिनाने दहा वर्षं केलं आणि २००९ मध्ये स्वतःहून थांबवलं. एकाच संहितेवर दहा वर्षं! आमच्याकडे अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम, झालं की बऱ्याच मुली घुंगरू पेटीत ठेवतात. मीही ठेवले होते. परवा काढले, दोरी कुजलीय, नवीन ओवायला दिलेत.

पुढच्या महिन्यात हैदराबादला चुलत बहिणीचं लग्न आहे. या वेळी मी आमच्या घरच्या तेलुगूतच बोलणार आहे. ‘लगेच’ म्हणायचं असेल तिथे ‘लगेच’च म्हणेन.