चांदी खरवडून तांबं लावायचा तो मेसेज पुढे पाठवू नका

भाच्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालूय, प्रोजेक्ट सोलारवर. त्याला ग्रुपवर मेसेज आला की तयार सोलार सेलवर लेझर मारून तो काळा करा, कंपन्यांनी लुटायला लावलेल्या चांदीच्या रेषा खरवडा, थेट तांब्याची पट्टी बसवा, सोनं मिळालं तर उत्तमच, वीज दुप्पट. पोरगं लगेच तांबट लेनमधून पातळ पत्रा घेऊन आलं. मी अंबडला सोलार पॅनल बनवायच्या लाइनवर काम करते, हे वाचून डोकंच फिरलं.

आधी तांबं. मेसेजमध्ये उघडलेल्या पॅनलचा फोटो टाकलाय, "बघा, आत तांबंच आहे". आहेच ना, पण त्या पट्टीवर कथलाचा मुलामा असतो आणि ती सेलवर छापलेल्या चांदीच्या रेषेवर सोल्डर केलेली असते, सिलिकॉनला कुठेच टेकत नाही. थेट टेकवून तापवली तर तांबं आत घुसतं, आणि घुसतं म्हणजे असं की वेफर, म्हणजे सेलची सिलिकॉनची चकती, जेमतेम 150 ते 180 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जंक्शन, म्हणजे दोन प्रकारचं सिलिकॉन जिथे भेटतं आणि वीज वेगळी होते ती सीमा, तर वरून अर्धा मायक्रॉनही खोल नसतं, तापलेल्या सिलिकॉनमध्ये तांबं काही मिनिटांत आरपार जातं. मग उन्हाने सुटलेले इलेक्ट्रॉन रेषेपर्यंत पोचायच्या आधीच संपतात आणि जंक्शन गळायला लागतं. मल्टीमीटरवर पट्टी झकास दिसेल, सेल मेलेला असेल. कॉन्टॅक्टचा, म्हणजे सेलमधून वीज बाहेर काढणाऱ्या रेषांचा, धातू वीज किती वाहतो एवढंच बघून घेत नाहीत रे, सिलिकॉनमध्ये शिरल्यावर तो काय करतो ते आधी बघतात.

चांदी महाग आहे आणि तांबं वाहून न्यायला तिच्या जवळपास आहे, एवढं मान्य. इंडस्ट्रीत तांबं आणायची खटपट खरंच चालूय. पण तिथे मधे निकेलचा थर देतात, तांब्याला अडवायलाच.

सोनं? तांब्यापेक्षा कमी वाहतं, आणि फास्ट स्विचिंगच्या (झटपट चालू-बंद होणाऱ्या) डायोडमध्ये ते मुद्दाम घालतात कारण सिलिकॉनमधले चार्ज ते झटपट मारतं. सेलला नेमकं तेच नकोय.

दुप्पट विजेसाठी हार्वर्डचं नाव घातलंय. तिथे एरिक माझूर यांच्या ग्रुपने फेम्टोसेकंद लेझरने (अतिसूक्ष्म काळाचे झटके देणाऱ्या) काळं सिलिकॉन, म्हणजे सुईसारख्या बारीक टोकांचा, ऊन परत न फेकणारा पृष्ठभाग, केलं हे खरं, ते इन्फ्रारेडही शोषतं, पण शोषलं म्हणजे वीज झाली असं नाही. 2015 मध्ये फिनलंडच्या आल्टो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी नेचर नॅनोटेक्नॉलॉजीत काळ्या सिलिकॉनच्या सेलचा पेपर छापला, उन्हातल्या ऊर्जेपैकी 22.1 टक्क्यांची वीज. तो लेझरने नाही, एचिंगने (पृष्ठभाग रासायनिक क्रियेने कोरून) काळा केलेला, वर अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) थर, आणि धातूचे सगळे कॉन्टॅक्ट मागच्या बाजूला. साध्या सिलिकॉन सेलची थिअरीतली मर्यादाच 29 टक्क्यांच्या आसपास आहे, दुप्पट आणणार कुठून?

आणि तयार सेलवर लेझर मारायचाच नसतो, जंक्शनच जळून जातं. टेक्श्चर (ती बारीक टोकं) आधी, मग लेझरने खराब झालेला थर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने काढायचा, जंक्शन त्यानंतर. सुईसारख्या टोकांवर धातूच्या पेस्टची छापलेली रेष तुटते, म्हणून रेषांच्या जागा सपाट सोडायच्या आणि तिथे चांदीची पेस्ट छापायची. पी-टाइप (बोरॉनसारखं काही मिसळलेला) वेफर असेल तर अ‍ॅल्युमिनियम मागे, पुढे नाही. भाच्याला एवढंच लिहून दिलंय, त्याच्या ग्रुपवरही हेच टाका.