‘पुअरली’ या एका शब्दाविषयी

आज दुपारी रुग्णालयातून परतल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे. यॉर्कशायरमधल्या आमच्या गावातल्या एका काकूंना सोबत म्हणून मी गेले होते. काकांना न्यूमोनियासाठी दाखल केले आहे. परिचारिकेने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाली, ‘ही इज व्हेरी पुअरली, लव्ह.’ काकूंनी मान हलवली आणि मला विचारले, “बरं नाही म्हणतेय ना? मग घरी कधी सोडणार, ते विचार की गं.”

हेच वाक्य मी २०११ च्या नोव्हेंबरात ऐकले होते. आमचे आप्पा सांगलीहून इथे आले होते आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. रात्री डॉक्टर म्हणाले, ‘युअर डॅड इज व्हेरी पुअरली.’ मी दादाला फोनवर सांगितले की आप्पांना जरा जास्तच बरे नाही, पण तू घाई करू नकोस. दोन दिवसांनी आप्पा गेले. दादाने तिकीटसुद्धा काढलेले नव्हते.

आपल्याला शाळेत शिकवले होते की ‘पुअरली’ हे क्रियाविशेषण आहे: परीक्षेत वाईट रीतीने उत्तरे लिहिली, एवढाच त्याचा उपयोग. ब्रिटनमध्ये मात्र ते बोलीतले विशेषण आहे आणि आजारी माणसाला लावतात. बालवाडीतून फोन येतो की मुलगी ‘पुअरली’ आहे, तेव्हा तिचे नाक वाहत असते. मुलाचे बोट दारात चेमटले तर ते ‘पुअरली फिंगर’ होते आणि आई त्यावर फुंकर घालते. हाच शब्द रुग्णालयाच्या दारातून आत गेला आणि त्यामागे ‘व्हेरी’ लागले, की त्याचा अर्थ होतो: हा माणूस कदाचित वाचणार नाही. वॉर्डातले डॉक्टर आपसात नुसते ‘पुअरली’ म्हणाले तरी त्यांना गंभीर रुग्णच अभिप्रेत असतो. ‘सिक’ म्हणावे, तर इथे ‘आय वॉज सिक’ म्हणजे बहुधा उलटी झाली, आणि माझ्या भाच्याच्या तोंडी तोच शब्द एखाद्या झकास गोष्टीसाठी असतो. निदान त्या शब्दाने कुणाची शेवटची भेट हुकत नाही.

फुंकर घालण्याचा आणि निरोप घेण्याचा शब्द एकच कसा असू शकतो? ज्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत १९४८ पासून आपल्याकडचे असंख्य डॉक्टर आणि परिचारिका राबत आल्या आहेत, तिथे समोरच्या बाईची मातृभाषा इंग्रजी नाही, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येऊ नये, याचा मला मनस्वी संताप येतो. रुग्णालयात दुभाषा मागता येतो, हे मान्य आहे. पण आपल्याला इंग्रजी येते अशी ज्याची खात्री असते, तो दुभाषा मागत नाही. मीही मागितला नव्हता.

मराठीतही मरणाचे नाव थेट कुणी घेत नाही, हेही खरे. पण सांगलीच्या डॉक्टरांनी हेच कसे सांगितले असते? ‘सिरियस आहेत, जवळच्या माणसांना बोलावून घ्या.’ त्यात मरण हा शब्द नाही, तरी ऐकणाऱ्याने पुढे काय करायचे ते स्पष्ट आहे. दादा त्याच रात्री मुंबईला निघाला असता.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या रात्रीचे डॉक्टर वयाने लहान होते आणि ते वाक्य उच्चारताना माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. आज समजते की ते बसणे हाच त्या शब्दाचा अर्थ होता. या मुलखात त्या शब्दात जिव्हाळा आहे. आजची परिचारिकाही काही लपवत नव्हती, तिच्या भाषेत तिने सारे सांगितले होते. तरीही दादाने आजवर मला एका शब्दाने दोष दिलेला नाही, हे मला फार जड जाते.

म्हणून आज मी परिचारिकेला थांबवले आणि सरळ विचारले, “काका यातून वाचतील असे तुम्हाला वाटते का?” ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली की कदाचित नाही. मी काकूंना बाहेरच्या बाकावर बसवले, त्यांचा हात हातात घेतला आणि मराठीत सांगितले की मुलाला बोलावून घ्या. त्या रडल्या नाहीत. पिशवीतून चष्मा काढला आणि म्हणाल्या, “नंबर लावून दे.”

तो दुबईहून निघाला आहे. पहाटे मँचेस्टरला उतरेल, त्याला आणायला मी जाते आहे.