डब्याचा फेरफार

काल दुपारी स्वतःच्याच गाडीच्या काचेला नाक लावून मी माझं संपूर्ण नाव सांगितलं. मग वडिलांचं सांगितलं. मग गाव, मग तालुका. आत बसलेला माणूस शेंगदाणे खात शांतपणे ऐकत होता आणि दरवाजा काही उघडत नव्हता. चावी आत सीटवर पडलेली, काच बोटभर खाली. गाडी कडुनिंबाच्या सावलीत, मी दसऱ्यानंतरच्या त्या चामडी सोलणाऱ्या उन्हात. कालची गोष्ट आहे, अजून डोक्यातून गेलेली नाही, म्हणून लिहितोय.

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा. गाडी अकरा वर्षांची डबल केबिन पिकअप, तीही दुसऱ्याची वापरून माझ्याकडे आलेली. पंधरा दिवसांपूर्वी एका गंधमुक्तीच्या कार्यक्रमाला मंडप घालून मी मागे उभा होतो. महाराज कीर्तनात म्हणाले, "आता तो पुन्हा हाक मारणार नाही," आणि माझ्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला. आपोआप. चावी माझ्या खिशात. बॅटरीची वायर उपटेपर्यंत पाऊण मिनिट तो वाजत होता. मयताच्या भावाने मंडपाच्या बिलातून पाचशे रुपये कापले. कशाचे, ते त्यानेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डावीकडे वळायला इंडिकेटर दिला तर वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर करकर करकर. मागचा मोटारसायकलवाला आभाळाकडे बघायला लागला. आणि तीन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर मारल्यावर नुसता टक् आवाज.

त्यानंतर जे होतं ते तुमच्या गाडीचंही झालं असेल. पहिल्या मिस्तरीने बॅटरीला दोष दिला. दुसऱ्याने वायपरची मोटर बदलली. तिसऱ्याने स्टेअरिंगखालचं स्विच बदललं आणि हॉर्नचा रिले बदलला. निघालेले जुने भाग सगळे ठणठणीत आहेत, घरी कोठीत ठेवलेत, कोणाला हवे असतील तर सांगा. शेवटी अमळनेरला धुळे रोडवरच्या एका मिस्तरीने बॅटरीच्या वायरीत मीटर लावला. गाडी बंद, चावी काढलेली, दरवाजे लावलेले, तरी मीटरवर सहाशे मिलिअँपिअर. मिस्तरी म्हणाला, पन्नासच्या आत पाहिजे. मग तो एकेक फ्यूज काढत गेला, आणि एका फ्यूजला आकडा धाडकन खाली आला. "बीसीएम," तो म्हणाला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. आमच्याकडे त्याला डबा म्हणतात.

डबा ड्रायव्हरच्या पायांच्या वर, डॅशबोर्डच्या आत, जिथे हात घालायला मनगट उलटं करावं लागतं अशा जागी असतो. मिस्तरीने बॅटरीची मायनस वायर काढली, पाच मिनिटं थांबला, आणि मग तो बाहेर ओढला. काळा, प्लास्टिकचा, सुपारीच्या डब्याएवढा. तेवढ्यात हॉर्न, वायपर, काचा, सेंट्रल लॉक, इंडिकेटर, आतला दिवा, सगळा कारभार. त्याच्या पिना पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशा हिरव्या पडलेल्या. पुढच्या काचेचं रबर वाळलेलं, पावसाळाभर त्यातून थेंबथेंब पाणी बरोबर डब्याच्या डोक्यावर. म्हणजे दोषी होतं एक रबर, आणि बदलले मोटर, स्विच, रिले!

आधीच्या गाड्यांत काय होतं, बटण दाबलं की वीज मोटरकडे जायची. भांडण बटण, वायर आणि मोटर या तिघांचं. आता बटण फक्त अर्ज करतं. अर्ज डब्याकडे जातो, डबा तो वाचतो, मग पुढे आदेश काढतो. हे सगळे डबे एकमेकांना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून निरोप देतात. ही पद्धत बॉश कंपनीने 1986 साली जगापुढे मांडली, कशासाठी, तर गाडीतली वायर कमी व्हावी म्हणून. वायर कमी झाली असेल. माझा ताप कमी झाला नाही.

तर आता तो माणूस.

गॅरेजच्या दारात ट्रकचा एक टायर आडवा टाकलेला आहे. त्यावर सकाळी नऊपासून कोतवाल आप्पा बसतात. त्यांची गाडी नाही, कधी नव्हती. गॅरेजशी त्यांचा संबंध सावलीपुरता. बत्तीस वर्षं गावची कोतवाली केली, तलाठ्यामागे दप्तर वाहिलं, दवंड्या दिल्या, नोटिसा डकवल्या. आता निवृत्त आहेत, पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना सातबाऱ्यावर दिसते.

नवा डबा अठरा हजार आणि यायला पंधरा दिवस, असं मिस्तरीने सांगितलं. आप्पा टायरवरून म्हणाले, "पंधरा दिन बराबर शे. नोटीसनी मुदत पंधरा दिनच ऱ्हास."

"कसली नोटीस आप्पा?"

"हरकतनी."

तुळशीचं लग्न तोंडावर, तेव्हा पंधरा दिवस थांबणं परवडणारं नव्हतं. धुळ्याच्या भंगारातून मी त्याच मॉडेलचा जुना डबा साडेपाच हजारांत आणला. नंबर जुळत होता, सॉकेट जुळत होते. मिस्तरीने लावला, वायर जोडली, मी चावी फिरवली. गाडी चालू होईना. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकायला लागलं.

मिस्तरीने समजावलं की डब्याच्या मेमरीत तो ज्या गाडीतून निघाला तिचा चेसिस नंबर आहे, तिच्या चाव्या आहेत. तो तुमच्या चावीला ओळखत नाही. मला कळलं नाही, पुन्हा विचारलं. त्याने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. आप्पा उठले, धोतराचा सोगा आवरला, आणि डॅशबोर्डात डोकं घालून म्हणाले,

"हाई डबं दुसरानं शे. त्याम्हा दुसरानं नाव शे. फेरफार करा बिगर कसं चाली?"

फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव जाऊन नव्याचं चढणं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सगळं समजलं. आणि समजलं याचाच राग आला.

"जुना खातेदार जित्ता शे का मरी गया?" आप्पांनी विचारलं.

मिस्तरी म्हणाला, "गाडी भंगारात गेली आप्पा, ॲक्सिडेंटची होती."

"मंग वारस नोंद. मृत्यूनं दाखलं शे का?"

इथे एक गिऱ्हाईक, ट्रॅक्टरचा डायनामो घेऊन आलेलं, मध्ये पडलं, की वारस नोंद कशी, हे तर खरेदीखत झालं, साडेपाच हजार दिलेत ना. आप्पांनी त्याच्याकडे जुना तलाठी नव्या उमेदवाराकडे बघतो तसं बघितलं. पावती शे का? पावती नव्हती. भंगारवाला पावती देत नाही. "मंग कब्जा," आप्पा म्हणाले. "कब्जा शे, मालकी नही." माझ्याच गाडीत, माझ्या पैशाने आणलेल्या डब्यावर माझा निव्वळ कब्जा आहे, हे चार माणसांसमोर ठरलं. दोघातिघांनी माना हलवल्या. चहा आला. पैसे मी दिले.

चेसिस नंबर बदलणारा पोरगा लॅपटॉप घेऊन धुळ्याहून येणार होता. पस्तीसेक किलोमीटर, पण यायला त्याला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत माझा एक साखरपुडा दुसऱ्या मंडपवाल्याने नेला. आणि हे कुठे, तर अमळनेरात. याच गावात 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, निम्म्या जगाला कॉम्प्युटरवाले पुरवले तिने. त्या गावात माझ्या वायपरसाठी लॅपटॉप बाहेरगावाहून मागवावा लागतो. 2024 ला इथे साहित्य संमेलन झालं, तेव्हा लांबलांबचे लेखक एका फोनवर आले. गाडीचं इलेक्ट्रिकचं काम म्हणून कोणीतरी मंगळ ग्रहाच्या देवळात जाऊन यायला सांगितलं. गेलो. जाताना रिक्षाने.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. गाडीचे पैसे मी दिले, विमा मी भरतो, पासिंग मी करतो, आरसी बुकावर नाव माझं. आणि आत एक डबा आहे, तो म्हणतो तुला ओळखत नाही. त्याला ओळख करून द्यायचा पासवर्ड तिसऱ्याकडे. बैल विकला तर चार दिवसांत नव्या मालकाच्या हातचा कडबा खातो. हा प्लास्टिकचा. यात हसण्यासारखं काही नाही.

असो. पोरगा आला. उतरला तसे आप्पा टायरवरून उभे राहिले आणि म्हणाले, "उना सर्कल!" मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडे सर्कल म्हणतात, नोंद मंजूर करतो तो. पोरगा बावीस वर्षांचा, कानात इअरफोन. त्याने स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात वायर लावली. आप्पा त्याच्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. स्क्रीनवर जुन्या गाडीचा चेसिस नंबर आला, पोरग्याने माझा टाकला, हिरवी पट्टी हळूहळू सरकत गेली. ती पूर्ण भरल्यावर आप्पांनी नकळत स्वतःचा अंगठा धोतराला पुसला.

चावी फिरवली, गाडी चालू. इंडिकेटरला इंडिकेटर, वायपरला वायपर. हॉर्न मी दाबल्यावरच वाजला. पोरग्याने तीन हजार घेतले आणि जाता जाता सांगितलं, "साहेब, डबा वरच्या मॉडेलचा आहे. तुमचा नंबर, तुमची चावी टाकली, बाकी त्याचं तसंच ठेवलंय. फीचर जास्त मिळतील, तुमचा फायदाच."

त्या फायद्याने घात केला.

आप्पांना घरापर्यंत सोडायचं ठरलं. ठरलं म्हणजे, ते जाऊन पुढच्या सीटवर बसले. पण मिस्तरीचा हिशोब राहिला होता. मी रिमोटने लॉक उघडलेलं, दरवाजा उघडून चावी सीटवर टाकली, दरवाजा ढकलला आणि वळलो. मागून खट्ट आवाज आला. चारही लॉक खाली.

वरच्या मॉडेलला अशी सोय असते की रिमोटने उघडून अर्ध्या मिनिटात एकही दरवाजा उघडला नाही, तर गाडी स्वतःला पुन्हा कुलूप लावून घेते. चोर येऊ नये म्हणून. मी दरवाजा उघडला होता, पण माझ्या बाजूच्या चौकटीतलं दरवाजाचं बटण चार वर्षांपासून अडकलेलं आहे. आप्पा आधीच बसलेले, त्यांचा दरवाजा आधीच बंद. डब्याच्या दप्तरी दरवाजा उघडल्याची नोंदच नाही. दुसरी चावी घरी.

मी पलीकडून जाऊन काच वाजवली. "आप्पा, आतली कडी ओढा."

आप्पांनी कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली.

"कोन शे?"

"आप्पा, मी शे. दरवाजा उघाडा."

"नाव सांग. पुरं."

मागे मिस्तरी, त्याची दोन पोरं, ट्रॅक्टरवाला, सगळे हसत होते. मी सांगितलं. वडिलांचंही सांगितलं. तालुका सांगितला, तेव्हा त्यांनी जिल्हा विचारला. मग म्हणाले, "डबाले इचारी पाहस, वळखस का तुले," आणि खरंच डॅशबोर्डावर कान टेकवला. बराच वेळ टेकवला. "नही म्हनस."

तेवढ्यात चहाचा पोरगा किटली घेऊन आला, आप्पांच्या बाजूला उभा राहिला. आप्पांनी लगेच कडी ओढून दरवाजा उघडला आणि ग्लास घेतला. त्याला त्यांनी नाव विचारलं नाही.