खुलासा : ‘जैन’ लिहिलेला काचेचा पेला देवळातला नाही

दर्यापूर तालुक्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो फिरतोय. इंद्रधनुष्यासारखा चमकणारा जुना पेला, बुडाशी इंग्रजीत ‘जैन’. सोबतचा मजकूर म्हणतो, हा बेल्जियमहून जैन मंदिरासाठी हातानं कोरून आणलेला, किंमत लाखात.

तसं नाही. ‘जैन’ ही उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सची खूण आहे. पेल्यांवर ती असते, तशीच फुलदाण्यांवरही. मासा गुंडाळलेली त्यांची फुलदाणी तर संग्राहकांत प्रसिद्धच. चमक म्हणाल तर गरम काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून आणलेली. या काचेला कार्निव्हल ग्लास म्हणतात.

आणि कोरीवकाम? पेल्याच्या अंगावरून बोट फिरवा. वरपासून खालपर्यंत बारीक उभी रेघ लागली, तर ती साच्याच्या जोडाची. नक्षी साच्यातच दाबून उमटली आहे. चाकावर कापलेल्या नक्षीच्या कडा बोटाला धारदार लागतात, दाबलेल्या काचेच्या गोलसर. खूण नसलेल्या भांड्याचं मूळ मात्र नुसत्या नक्षीवरून ठरवू नका, नकला पुष्कळ झाल्या.

आजीच्या फडताळातला पेला फोटो पाहून विकायला काढलेल्यांनी जरा थांबावं. आणि चमक राखायची असेल तर राखेनं घासू नका.