लाल ड्रॅगन कॅडवालाडरचा नव्हे

वेल्सच्या झेंड्याचा फोटो टाकून खाली एक मजकूर सर्रास फिरवला जातो: सातव्या शतकातला, उत्तर वेल्समधल्या ग्विनेद राज्याचा राजा संत कॅडवालाडर हाच लाल ड्रॅगन मिरवत इंग्लंडमध्ये वसलेल्या सॅक्सन लोकांशी लढला, पुढे राज्य सोडून रोमला गेला, तिथेच वारला, आणि त्याच्या नावाची गावं त्यानेच वसवली. यातलं फार थोडं खरं आहे.

आधी ड्रॅगन. कॅडवालाडरच्या काळातल्या एकाही लिखाणात त्याच्या निशाणाचा उल्लेख नाही. लाल आणि पांढऱ्या ड्रॅगनच्या झुंजीची कथा इ.स. ८३० च्या सुमारास लिहिली गेली, आणि ती व्होर्टिगर्न या त्याच्याही आधीच्या ब्रिटन राजाची आहे. कॅडवालाडरचं नाव या ड्रॅगनला घट्ट चिकटवलं ट्यूडर या इंग्लंडच्या राजघराण्याने. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या रणात हेन्री ट्यूडर लाल ड्रॅगन घेऊन उतरला. इंग्लंडच्या गादीवरचा त्याचा हक्क लंगडा होता. प्राचीन राजाचा वंशज म्हणवणं त्याला सोयीचं होतं. आजच्या झेंड्याला अधिकृत मान्यता मिळाली १९५९ मध्ये.

रोमची गोष्ट म्हणजे नावांचा घोळ. रोमला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि ६८९ मध्ये तिथे देह ठेवला तो दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या कॅडवालाने, म्हणजे एका सॅक्सन राजाने. बीड या इंग्रज भिक्षूने तसं स्पष्ट नोंदवलंय. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ या लेखकाने तोच शेवट कॅडवालाडरला बहाल केला. वेल्सच्या जुन्या बखरी मात्र सांगतात की कॅडवालाडर साथीच्या रोगात वारला. त्यांतल्या एकीत साल ६८२ आहे.

गावांचं मात्र सरसकट खोडून काढता येत नाही. अँगलसी बेटावरचं लँगॅडवालाडर त्याच्या घराण्याच्या अबरफ्रॉ या राजधानीजवळच आहे. तिथल्या चर्चच्या भिंतीत सातव्या शतकातला एक शिलालेख बसवलाय. वर क्रूस, खाली लहानमोठ्या वळणांची सरमिसळ झालेली लॅटिन अक्षरं: ‘कॅटामानस राजा, सर्व राजांत सर्वांत शहाणा, सर्वांत कीर्तिवंत.’ हा कॅटामानस म्हणजे कॅडवालाडरचा आजा कॅडव्हान. दगड नातवानेच बसवून घेतला, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. पण न्यूपोर्टजवळच्या बिशटनलाही वेल्श भाषेत हेच नाव आहे, आणि ते पडतं दूर दक्षिणेला, ग्वेंटच्या वेगळ्या राज्यात. गावाला संताचं नाव लागतं ते पुष्कळदा मागाहून, त्याच्या भक्तांमुळे. तेवढ्यावरून राजाने तिथे गाव वसवलं असं ठरत नाही.