रांगोळीच्या वहीवर तारीख घाला

महाराष्ट्रात इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी मिळवलेल्या मुलीला दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, 'ब' असेल तर ५, 'क' असेल तर ३. मुलं चित्रकला शिकतात की गुण गोळा करतात, हा वाद त्यावरूनच. दुसरा वाद दिवाळीतला: छापे आले, स्टिकर आले, आजीची रांगोळी गेली. इंग्लंडमध्ये मुली वाढवणाऱ्या आम्हा मराठी घरांतही हे दोन्ही वाद येतात. मला वाटतं, दोन्हीकडे आजीची रांगोळीची वही कुणी उघडतच नाही.

इथल्या जीसीएसई या शालान्त परीक्षेत कला विषयाचे ६० टक्के गुण अभ्यासक्रमादरम्यान केलेल्या कामाला असतात. उरलेले ४० दिलेल्या विषयावरच्या कामाला, आणि त्यात देखरेखीखाली १० तास बसून काढायचं काम येतं. परीक्षक शेवटचं चित्र बघतात, पण कल्पना कुठून आली, काय करून पाहिलं, काय बदललं, हेही तितक्याच बारकाईनं तपासतात. म्हणजे स्केचबुक लागतं. आणि स्केचबुक आजीकडे आहेच: शेजारणीकडून, माहेरून, मासिकातून उतरवलेल्या रांगोळ्यांची वही, कोपऱ्यात '१५ ते ८' असं लिहिलेली. तिच्यात फक्त तारीख नसते, रांगोळी कुणाकडून आली ते नसतं आणि फसलेली पानं नसतात. या तीन गोष्टी नातीनं घालायच्या.

'१५ ते ८' हा रेखाटनाचा फार चांगला धडा आहे. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर-खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. एकूण १६९ ठिपके, आकार षट्कोनी. सुरुवात वरून केली की घोटाळा होतो, कारण प्रत्येक ओळीची थोडीशी चूक पुढच्या ओळीत जमा होते आणि षट्कोन कलतो. म्हणून मधली ओळ आधी: दोन टोकांचे ठिपके, मग आठवा ठिपका, तो बरोबर मध्यावर. त्यानंतर उरलेले.

चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरायची, जमिनीपासून साधारण इंचभर वर. जास्त उंचावरून रेघ पसरते, बोट टेकलं तर फरफटते. हात मनगटातून न फिरवता खांद्यातून हलवायचा, आणि आपण मागे सरकत काढायचं, नाहीतर फ्रॉकनं पुसलं जातं. रांगोळी थोडी भरड हवी. फार बारीक पूड बोटाला चिकटते आणि गोळ्यांनी पडते. इथल्या दमट हवेत भरडही ओलसर होते. ताटात पसरून मंद ओव्हनमध्ये कोरडी करावी, गार झाल्यावर चाळावी. गुळगुळीत फरशीवर ती घसरते आणि कार्पेटवर तर प्रश्नच नाही. त्यामुळे काळा, चकाकी नसलेला ए२ आकाराचा जाड पुठ्ठा घ्यावा. ३ सेंटिमीटरचं अंतर ठेवलं तर मधली ओळ ४२ सेंटिमीटर लांब होते. ओळींमधलं अंतर सुमारे २.६ ठेवलं की उंची साधारण साडेछत्तीस, म्हणजे सगळं आडव्या पुठ्ठ्यावर मावतं.

सकाळी रांगोळी पुसायची, हे आजीचं शिक्षण मला मोलाचं वाटतं. रोज नवी काढणाऱ्या हाताला चुकीची भीती राहत नाही. पण परीक्षकाला दाखवायला काही उरत नाही हेही खरं. म्हणून चार फोटो काढावेत: नुसते ठिपके, निम्म्या रेघा, पूर्ण रांगोळी आणि पुसताना. वारली लग्नातलं 'चौक' हे चित्र भिंतीवर सुवासिनी लिहीत आल्या, त्यांची नावं कुठे नोंदली गेली नाहीत. तीच चित्रं कागदावर आली तेव्हा चित्रकाराचं नाव उरलं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. नातीच्या पानावर आजीचं नाव हवं, ते याचसाठी.

एक तक्रार मात्र रास्त आहे: वही बघून नुसतं उतरवलं तर ती नक्कलच. त्याच १६९ ठिपक्यांवर तीन वेगळ्या रांगोळ्या काढायला लावा, एक सरळ रेघांची, एक वळणांची, एक आजीला न पटणारी. मायदेशीही हे सहज जमेल; एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राची याहून चांगली तयारी मला माहीत नाही. आणि नातवालाही बसवा. त्याला आजवर का बसवलं नाही, याला धड कारण नाही.

व्हिडिओ कॉलवर आजी समोरून दिसली तर सगळं उलटं दिसतं. फोन तिच्या खांद्यामागून, खाली बघणारा ठेवायला सांगा, मागचा कॅमेरा लावून. इथल्या शनिवारी सकाळी दहाला तिकडे उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. पहिली पंधरा मिनिटं रांगोळी नको. कॅमेरा वहीवर असू दे, आणि एकेक पान उलटत आजीला विचारायचं, ही कुणाकडून घेतली?